हैदराबादहून सेकंडहँड स्पोर्टी कार घेताय? मुका हॉर्न ‘किरकोळ’ समजू नका

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद किंवा सोलापूर, सीमाभागातल्या कुठल्याही गावातून जुनी गाडी घ्यायची म्हटली की पुण्या-मुंबईच्या आधी हैदराबादचं नाव निघतं. रस्ता सरळ आहे, शहर मोठं आहे आणि आयटी नोकरदारांनी हौसेनं घेतलेल्या, नंतर विकायला काढलेल्या गाड्या तिथं भरपूर मिळतात. त्यात तरुणांची नजर असते ती ‘पळणाऱ्या’ गाड्यांवर. २०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची अबार्थ पुंतो, २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस. यातली पोलो चाकणला बनली, पुंतो रांजणगावला. म्हणजे गाडी पुणे जिल्ह्यातली, पहिला मालक हैदराबादचा आणि दुसरा मालक मुखेड नाहीतर भालकीचा, असा हा प्रवास.

अशी गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात, टर्बोचा जोर बघतात, टायर बघतात. हॉर्न दाबून बघायचं मात्र राहून जातं. आणि कुणी दाबलाच, तो वाजला नाही, तर समोरून ठरलेलं उत्तर येतं: ‘फ्यूज गया होगा साब, छोटा काम है.’

कधी कधी ते खरंही असतं. काही रुपयांचा फ्यूज बदलला की काम होतं. पण मुक्या हॉर्नमागे एअरबॅगशी जोडलेला बिघाड, समोरून झालेला अपघात, कापलेली वायरिंग किंवा पुराचं पाणी, यातलं काहीही असू शकतं. म्हणून हॉर्न दुरुस्त करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो का बंद पडला हे शोधणं महत्त्वाचं. ते कसं शोधायचं, ते क्रमानं पाहू.

हॉर्न वाजतो कसा?

गाडीच्या हॉर्नमध्ये एक वेटोळं, म्हणजे कॉइल असते आणि पुढे पत्र्याचा पातळ पडदा. वीज आली की कॉइलचं चुंबक होतं आणि पडदा ओढला जातो. पडदा ओढला की आतला संपर्क तुटतो, वीज थांबते, पडदा परत जागेवर येतो आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्या थरथरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. चांगल्या गाड्यांत दोन हॉर्न असतात, एक जाड सुराचा आणि एक बारीक सुराचा. दोन्ही मिळून तो भरदार आवाज तयार होतो.

हॉर्नला बरीच वीज लागते. ती सगळी स्टिअरिंगवरच्या बारीक बटणातून नेली तर बटण जळेल. म्हणून मध्ये रिले असतो. बटण रिलेला फक्त इशारा देतं आणि जाड वायरमधून हॉर्नला वीज सोडायचं काम रिले करतो.

जुन्या साध्या गाडीत रस्ता एवढाच: बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न, आणि इशारा द्यायला बटण. वर सांगितलेल्या गाड्यांसारख्या आधुनिक गाड्यांत मात्र बटणाचा इशारा आधी स्टिअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगमधून जातो. तिथून तो इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे आणि मग गाडीच्या मुख्य बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे पोहोचतो. ते मॉड्यूल रिलेला हुकूम देतं. साखळीतली कुठलीही एक कडी तुटली तरी हॉर्न गप्प. त्यामुळे तपासणी म्हणजे नेमकी कुठली कडी तुटली ते शोधणं.

आधी लक्षण ओळखा

बोनेट उघडण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका आणि बघा. अर्धा तपास इथंच होतो.

हॉर्न दाबल्यावर फ्यूज बॉक्सजवळ बारीक ‘टक’ असा आवाज येतो का? एकाला बटण दाबायला सांगा आणि दुसऱ्यानं कान द्यावा. ‘टक’ ऐकू आला म्हणजे बटणापासून रिलेपर्यंतचा रस्ता ठीक आहे. बिघाड पुढे आहे: हॉर्नकडे जाणाऱ्या विजेत, वायरमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर खुद्द हॉर्नमध्ये. ‘टक’ आलाच नाही तर इशारा देणाऱ्या बाजूकडे, म्हणजे रिले, बटण, क्लॉक स्प्रिंग किंवा मॉड्यूलकडे बघायचं.

रिमोटनं गाडी लॉक करताना किंवा अलार्म वाजताना हॉर्न वाजतो का? काही गाड्यांत अलार्मसाठी हाच हॉर्न वापरतात, काहींत वेगळा सायरन असतो. हाच हॉर्न असेल, अलार्मला तो वाजत असेल आणि बटणानं वाजत नसेल, तर हॉर्न, रिले, फ्यूज सगळं ठणठणीत आहे. दोष स्टिअरिंगच्या बाजूला आहे.

स्टिअरिंग वळवताना हॉर्न मध्येच वाजतो, मध्येच बंद होतो का? सरळ असताना गप्प आणि डावीकडे वळवलं की वाजतो, असं असेल तर बोट थेट क्लॉक स्प्रिंगकडे जातं. सोबत मीटरमधला एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल आणि स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही चालत नसतील, तर संशय जवळपास पक्का समजा.

आवाज येतो, पण चिरका आणि एकसुरी? दोनपैकी एक हॉर्न गेलेला असू शकतो. आवाज घोगरा, दबका? हॉर्नमध्ये पाणी-धूळ गेलीय, अर्थिंग गंजलंय किंवा बॅटरी कमजोर आहे. हॉर्न आपोआप वाजत सुटला आणि थांबेना? रिले आतून चिकटलाय किंवा बटणाची वायर शॉर्ट झालीय. अशा वेळी वायरी ओढत बसू नका. हॉर्नचा फ्यूज काढा, आवाज थांबेल.

पायरी पहिली: फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत हॉर्नचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं. गाडी बंद करा, प्लॅस्टिकच्या चिमट्यानं फ्यूज काढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली तर फ्यूज उडालाय.

बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. पात्यासारख्या या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. ‘सारखा उडतो म्हणून मोठा टाकला’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. १५ च्या जागी ३० टाकला की फ्यूज उडत नाही, त्याऐवजी वायर तापते आणि आग लागू शकते.

नवा फ्यूज टाकल्यावर हॉर्न वाजला आणि पुन्हा उडाला नाही, तर प्रश्न मिटला. बटण दाबताच उडाला तर पुढे कुठंतरी वायर सोलून बॉडीला लागतेय किंवा हॉर्न आतून शॉर्ट आहे. दोन्ही हॉर्नचे प्लग काढून पुन्हा बटण दाबा. आता फ्यूज टिकला तर दोष हॉर्नमध्ये, तरीही उडाला तर वायरिंगमध्ये.

पायरी दुसरी: रिले

फ्यूज बॉक्समध्ये अनेकदा एकाच प्रकारचे दोन-चार रिले असतात. हॉर्नचा रिले काढून त्याच नंबरचा, तेवढ्याच पायांचा शेजारचा रिले तिथं लावून बघा. हॉर्न वाजला तर जुना रिले गेलेला आहे. ही तपासणी फुकटात होते आणि बरंच काही सांगून जाते. फक्त छापलेला नंबर जुळवल्याशिवाय अदलाबदल करू नका.

काही नव्या गाड्यांत हॉर्नचा रिले बाहेर नसतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या आतच असतो. तिथं ही युक्ती चालत नाही. अशा वेळी स्कॅनर लागतो. चांगला स्कॅनर मॉड्यूलला ‘हॉर्न वाजव’ असा हुकूम देऊ शकतो. त्या हुकमानं हॉर्न वाजला म्हणजे मॉड्यूलपासून पुढचं सगळं ठीक आहे आणि बिघाड स्टिअरिंगकडे आहे. स्कॅनर नुसता ‘एरर’ वाचण्यासाठी नसतो, हे गॅरेजवाल्याला विचारताना लक्षात असू द्या.

पायरी तिसरी: हॉर्नपर्यंत वीज येते का?

बहुतेक गाड्यांत हॉर्न पुढच्या बंपरच्या मागे, खालच्या बाजूला असतात. तिथपर्यंत हात पोहोचत असेल तर हॉर्नचा प्लग काढा आणि टेस्ट लॅम्प प्लगच्या दोन टोकांना लावा. दुसऱ्यानं बटण दाबावं.

दिवा झकास पेटला तर वीज येतेय आणि हॉर्नच मेलाय. हॉर्न बदला.

दिवा पेटला नाही तर त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. आता पेटला म्हणजे वीज येतेय, पण परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, तुटलेलं आहे. अर्थिंगचा बोल्ट शोधा, गंज कानशीनं खरवडा, पुन्हा घट्ट करा. पावसात आणि मुरमाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत हा दोष वरचेवर सापडतो. दोन्हीकडे दिवा पेटलाच नाही तर रिलेपासून हॉर्नपर्यंतची वायर तुटली आहे.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक खूण मिळते. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.५ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. हॉर्न जोडलेला असताना, बटण दाबून, हॉर्नच्या टोकांशी व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा फार तर अर्धा-एक व्होल्ट कमी असावेत. तीन-चार व्होल्ट गायब असतील तर ते गंजलेल्या जोडात नाहीतर अर्धवट तुटलेल्या तारेत जिरत आहेत. घोगऱ्या आवाजाचं कारण अनेकदा हेच असतं.

हॉर्नला बाहेरून हलकं टकटक केल्यावर तो वाजायला लागला तर आतला संपर्क अडकला होता असं समजा. तो पुन्हा अडकणार. एवढ्यावर समाधान मानून हायवेला गाडी काढू नका.

पायरी चौथी: स्टिअरिंग, आणि इथं हात आखडता घ्या

इथपर्यंतची तपासणी थोडी जाण असलेला माणूस घरी करू शकतो. पुढची नाही.

स्टिअरिंग फिरतं, त्याच्या खालचा दांडा-आवरण स्थिर असतं. फिरत्या भागाकडून स्थिर भागाकडे वायर नेली तर ती पिळून तुटेल. म्हणून मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. तीच क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंग डावीकडे फिरलं की ती घट्ट होते, उजवीकडे फिरलं की सैल, किंवा उलट. वर्षानुवर्षं वळून-वळून तिच्यातली एखादी तार तुटते.

महत्त्वाचं हे की याच पट्टीतून ड्रायव्हरच्या एअरबॅगची तारही जाते. त्यामुळे क्लॉक स्प्रिंग गेली असेल तर आज हॉर्न वाजत नाही एवढाच प्रश्न नसतो. उद्या टक्कर झाली तर ड्रायव्हरची एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. ‘हॉर्नचं काय, नंतर बघू’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसते.

ती बदलायला एअरबॅग उतरवावी लागते. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून काही मिनिटं थांबावं लागतं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली राहते. एअरबॅगच्या वायरवर, जिचा प्लग बहुधा पिवळा असतो, मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरमधली बारीक वीजही ती फोडू शकते. नवी क्लॉक स्प्रिंग बसवताना चाकं सरळ आणि स्प्रिंग बरोबर मध्यावर हवी. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती तुटते. काही गाड्यांत नंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरही स्कॅनरनं नव्यानं जुळवावा लागतो. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाकडेच हे काम द्या. रस्त्याकडेच्या दुकानात ‘दहा मिनिटात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे नको.

स्पोर्टी गाडीत वेगळं काय असतं?

वॅगनआर किंवा डिझायरचा हॉर्न बिघडला तर कारण बहुधा साधंच असतं. पळणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र आधीच्या मालकाची हौस मध्ये येते. तीन गोष्टी खास बघाव्यात.

पहिली, बाहेरून लावलेला मोठा हॉर्न. तो कंपनीच्या हॉर्नपेक्षा जास्त वीज खातो. नीट बसवणारा त्याला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज देतो. घाईत बसवणारा कंपनीची वायर मध्येच कापतो, टोकं पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. काही महिन्यांनी टेप सुटते, जोड गंजतो. त्याआधी मॉड्यूलवर जादा भार पडला असेल तर तेही जळालेलं असू शकतं. गाडी विकताना मालक मोठा हॉर्न काढून घेतो आणि कापलेल्या वायरी तशाच राहतात. बंपरमागे टेपच्या गाठी दिसल्या तर कारण विचारा.

दुसरी, पुढच्या भागातली फेरफार. टर्बो इंजिनच्या अनेक गाड्यांत हवा थंड करणारा इंटरकूलर पुढच्या बंपरच्या मागेच असतो. कुणी तो मोठा बसवला, बंपर बदलला किंवा हवेचा पाइप बदलला तर हॉर्नला जागा उरत नाही. मग तो भलतीकडे, भलत्या कोनात बसवला जातो. शंखाच्या आकाराच्या हॉर्नचं तोंड खाली किंवा तिरकं खाली हवं, म्हणजे आत गेलेलं पाणी गळून जातं. तोंड वर राहिलं तर पहिल्याच पावसात तो भरतो. हॉर्नचं तोंड उलट दिसलं, बंपरच्या बोल्टचा रंग उडालेला दिसला, ब्रॅकेट वाकलेलं दिसलं तर पुढचा भाग उघडला गेला आहे हे नक्की. तो हौसेनं उघडला की अपघातानंतर, ते विचारलंच पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर, बदललेलं स्टिअरिंग. शर्यतीच्या गाडीसारखं छोटं, चामड्याचं स्टिअरिंग बसवलं की मूळ स्टिअरिंगसोबत एअरबॅगही जाते. मग मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा कायम पेटतो. तो विझवण्यासाठी काही जण एअरबॅगच्या वायरला एक छोटा रेझिस्टर जोडतात, म्हणजे गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. विकताना मूळ स्टिअरिंग परत बसवलं तरी आतली जोडणी परत केली असेलच असं नाही. हॉर्न बंद असणं ही याची एक खूण असू शकते.

याची पहिली परीक्षा सोपी आहे. चावी फिरवा किंवा स्टार्टचं बटण इंजिन चालू न करता दाबा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. कायम पेटत असेल तर बिघाड आहे. अजिबातच पेटत नसेल तर त्याहून वाईट, कारण दिवा कुणीतरी बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. दिवा बरोबर पेटून विझला तरी रेझिस्टरची शंका उरतेच. ती फक्त स्टिअरिंग उघडून बघणारा जाणकार दूर करू शकतो.

पुराच्या पाण्याची शंका

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत जो पाऊस झाला तो शहरातले लोक विसरलेले नाहीत. टोलीचौकीची नदीम कॉलनी, फलकनुमाकडच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, रस्त्यावरच्या गाड्या वाहत गेल्या. त्यानंतरही दर मोसमात कुठल्या ना कुठल्या तळघराच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं. अशी गाडी धुऊन-पुसून, पॉलिश करून बाजारात येऊ शकते.

हॉर्न खाली बसवलेला असल्यानं पाणी आधी त्याच्यापर्यंत पोहोचतं. पण नुसता हॉर्न बंद आहे म्हणून गाडी पुरातली ठरत नाही. नेहमीच्या पावसातही हॉर्न खराब होतो. सोबत आणखी खुणा जुळतात का ते बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाची रेघ आहे का? सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का? स्टेपनीच्या खळग्यात गाळ, डॅशबोर्डखालच्या प्लगवर हिरवट-पांढरा थर, कार्पेटला कुबट वास? यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत फिरा. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल एकेक करून महिनोन्महिने दगा देत राहतात.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ सांगतो की गाडीला पुरेसा इशारा देणारा हॉर्न असायलाच हवा. तोच नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे, कर्कश किंवा घाबरवून सोडणारे हॉर्न लावायला मनाई करतो. म्हणजे मुका हॉर्नही चालत नाही आणि संगीत वाजवणाराही नाही. गाडी घेतल्यावर ‘जुना गेला तर जाऊ दे, प्रेशर हॉर्न लावू’ हा विचार त्यामुळे महागात पडतो.

हॉर्न नीट असला तरी वाजवायचं भान हवं. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९४-फ नुसार विनाकारण, सतत किंवा मनाई असलेल्या जागी हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यानं बिदर असो, नांदेड असो की हैदराबाद, हे नियम तिन्हीकडे लागू आहेत.

सौद्याच्या वेळी काय कराल?

गाडी बघायला दिवसा जा आणि शक्य असेल तर स्वतःच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन सोबत न्या. नुसता इंजिनवाला मिस्त्री पुरेसा नाही. हॉर्न स्टिअरिंग सरळ ठेवून, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, असा तीनदा वाजवा. एअरबॅगच्या दिव्याची परीक्षा घ्या. बोनेट उघडून हॉर्नच्या वायरी बघा. स्कॅनर लावायला मालक नको म्हणत असेल तर ते उत्तरच समजा.

हॉर्न बंद निघाला तर ‘तुम्ही दुरुस्त करून द्या, मग बोलू’ म्हणण्यापेक्षा ‘कारण शोधू, मग किंमत ठरवू’ म्हणा. दुरुस्त करून दिलेल्या हॉर्नमागे काय दडवलं ते कळत नाही. फ्यूज किंवा रिले असेल तर किंमत कमी करायचंही कारण नाही. क्लॉक स्प्रिंग असेल तर नव्या भागाचा आणि मजुरीचा दर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून विचारून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करा. कापलेली वायरिंग, बदललेलं स्टिअरिंग किंवा पुराच्या खुणा असतील तर वजाबाकी करत बसू नका. गाडी सोडा.

सुटे भाग घ्यायचे तर सिकंदराबादजवळचं राणीगंज आणि कोठीजवळचं जामबाग या जुन्या बाजारांत हॉर्न, रिले, फ्यूज मिळतात. हे भाग बाहेरचे चालतात, फक्त व्होल्ट, अँपिअर आणि प्लग जुळला पाहिजे. क्लॉक स्प्रिंग मात्र गाडीच्या पार्ट नंबरचीच घ्या. भंगारातल्या गाडीची काढलेली, स्वस्त क्लॉक स्प्रिंग घेऊ नका. एअरबॅगच्या साखळीत जुनी कडी बसवून उपयोग नाही. पुंतोसारख्या, भारतात विक्री बंद झालेल्या गाडीचा हा भाग कुठून आणि किती दिवसांत मिळेल, ते पैसे देण्याआधी विचारा.

आणि शेवटी कागद. गाडी तेलंगणची, म्हणजे नंबर एपी, टीएस किंवा मार्च २०२४ नंतरचा टीजी. ती महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कायमची आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतेच. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. हा खर्च हातात धरूनच हैदराबादची किंमत स्वस्त की महाग ते ठरवा.

सौदा पक्का होऊन चावी हातात आल्यावरही एक काम ठेवा. देगलूर नाक्याचा, जहीराबादचा किंवा निर्मलचा रस्ता धरण्याआधी एकदा हॉर्न दाबा. हायवेवर समोरून बैलगाडी, ऊस भरलेला ट्रॅक्टर नाहीतर उलट्या बाजूनं दुचाकी येते, तेव्हा ताशी शंभरनं पळणाऱ्या गाडीला ब्रेकसोबत आवाजही लागतो. तो आवाज नसेल तर त्या दिवशी गाडी तिथंच ठेवा आणि बसनं घरी या.